पृथ्वीचे वय आणि ताटातले पिठले

उष्णता तीन वाटांनी जाते. उकळत्या डाळीत राहिलेल्या पळीचा दांडा तापतो, ते वहन. चुलीपुढे बसल्यावर अंगाला धग लागते, ते प्रारण. आणि पातेल्याच्या तळाचे पाणी तापून हलके होते, वर येते, वरचे गार पाणी त्याच्या जागी खाली उतरते, ते अभिसरण. मुले एवढे पाठ करतात आणि पेपरात लिहून मोकळी होतात. पण यातल्या तिसऱ्या वाटेचा विचार न केल्यामुळे एका थोर शास्त्रज्ञाचा हिशेब शंभर पटींहून अधिक चुकला, ही हकिगत वाचकहो, मुलांना जरूर सांगा.

शास्त्रज्ञ म्हणजे लॉर्ड केल्विन. जमिनीत खोल जावे तसे तापमान वाढते, साधारण किलोमीटरला २५ ते ३० अंश. (२००१ साली बंद झालेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत तीन किलोमीटरहून खोल उतरणारे मजूर बहुतांशी दलित होते. हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.) केल्विन म्हणाले, पृथ्वी आधी वितळलेली होती, आता निवते आहे. घट्ट गोळा निवताना वरचा गार थर जाड होत जातो, आणि खोलीगणिक होणारी तापमानवाढ कमी कमी होत जाते. तेव्हा आजच्या वाढीवरून वय काढता येईल. १८६२ साली त्यांनी २ ते ४० कोटी वर्षे सांगितली, १८९७ साली २ ते ४ कोटींवर आणली. डोंगर झिजायला, जीवसृष्टी उत्क्रांत व्हायला एवढा काळ पुरेना. डार्विनही अडचणीत आले. पण केल्विन यांच्यापुढे बोलणार कोण?

बोलले जॉन पेरी. एकेकाळी केल्विन यांच्याच हाताखालचे सहायक. १८९५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी दाखवले की गणित बरोबर आहे, गृहीत चुकले आहे. पृथ्वीच्या पोटात काहीच हलत नाही, हे कशावरून?

ताटात वाढलेले घट्ट पिठले पाहा. वरून लवकर निवते, पण मधे बोट घातले तर चटका बसतो. आतली उष्णता वर यायला वाटच नसते. वाटीतला पातळ रस्सा मात्र वरूनही बराच वेळ ऊन राहतो, कारण आतला ऊन रस्सा वर येतच राहतो. केल्विन यांनी पृथ्वीला पिठले धरले. पेरी म्हणाले, आत थोडा तरी रस्सा असेल, तर खालून येणारी उष्णता वरच्या थराला तापवत राहील आणि म्हातारी पृथ्वी तरुण भासेल. वय २०० ते ३०० कोटीही निघू शकते! फारसे कोणी ऐकले नाही.

आज ते ४५४ कोटी वर्षे मानतात. किरणोत्सर्ग तेव्हा माहीत नव्हता म्हणून केल्विन चुकले, असे पुष्कळ पुस्तकांत असते. पृथ्वीतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेपैकी जवळपास निम्मी त्यातून येते हे खरे, पण तेवढी धरूनही त्यांचा हिशेब सुधारत नाही. खरे वर्म पेरींनाच सापडले होते.

गंमत अशी की पृथ्वीच्या पोटात रस्सा नाही. कवचाखाली २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत बहुतेक घन खडकच आहे. पण तो इतका तापलेला आहे की वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने वाहतो. अशा अभिसरणाबरोबरच वरच्या भूपट्ट्या सरकतात. भारताची पट्टी वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर सरकत आशियाला रेटते, त्यातून हिमालय उभा राहिला. त्या रेट्याचा ताण आपल्या पठाराखालच्या खडकातही साठतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली ती अशाच ताणातून, असे भूशास्त्रज्ञ मानतात.