भरवसा आणि भाकरी

पंडिता रमाबाईंच्या शारदासदनास अमेरिकेतील मंडळाने दहा वर्षे मदतीचे वचन दिले होते. ती मुदत १८९८ साली सरणार होती. तरीही १८९६-९७ च्या दुष्काळात बाई मध्यप्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली व विधवा घेऊन परतल्या. यांना पोसणार कोण? बाईंचे उत्तर एकच: देवावर भरवसा! मात्र तो भरवसा हातपाय हलविणारा होता. केडगावच्या माळावर त्यांनी विहिरी खणविल्या, मळे पिकविले, पुढे माग व छापखाना चालविला. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतील मुलींनाही तेथे आसरा मिळाला. बाईंच्या धर्मांतरावर पुष्कळांनी वाद घातला. त्या ताटांतल्या भाकरीवर मात्र कोणी काय वाद घालावा?