दुपारी एकला खोलीवर परत येता आलं पाहिजे

मे महिन्यात म्हैसूरला निघालेलं कुटुंब हॉटेल शोधायला बसलं, की पहिला प्रश्न असतो, ‘दिवसाला किती?’ तो जरा बाजूला ठेवू. आधी एक कागद घ्या आणि दुपारी एक वाजता आपण कुठे असू ते प्रत्येक दिवसापुढे लिहा.

म्हैसूर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून उंच आहे. रात्री बऱ्या असतात, संध्याकाळी कधी वळवाची सरही येते. पण एप्रिल-मेच्या दुपारी पारा ३३ ते ३५ अंशांवर जातो. राजवाडा सकाळी दहाला उघडतो, चपला बाहेर ठेवाव्या लागतात, आणि तो पाहून बाहेर पडेपर्यंत आजींचे गुडघे आणि नातवाचा मूड दोन्ही गेलेले असतात. अशा वेळी दहा मिनिटांत खोलीवर जाऊन पंख्याखाली पाठ टेकता आली, तर पाचला सगळे पुन्हा ताजेतवाने निघतात. खोली लांब असली तर दुपार एखाद्या उपाहारगृहात चहावर चहा घेत काढावी लागते. म्हणून जागा आधी ठरवा, दर मागाहून बघा.

आता नकाशा. राजवाडा, देवराज मार्केट आणि सिटी बसस्टँड एकमेकांच्या जवळ आहेत, चालत होण्यासारखे. प्राणिसंग्रहालय राजवाड्यापासून साधारण दोन किलोमीटरवर, रेल्वे स्टेशन दुसऱ्या बाजूला तेवढंच. चामुंडी टेकडी सुमारे १३ किलोमीटर आणि वृंदावन गार्डन २० किलोमीटरच्या आसपास. या शेवटच्या दोन ठिकाणी आपण एकेकदाच जाणार, तेव्हा हॉटेल त्यांच्या जवळ असण्याची गरज नाही. टेकडीची बस सिटी बसस्टँडवरूनच मिळते.

म्हणजे पर्याय मुख्यतः तीन. सयाजीराव रस्ता, गांधी चौक, धन्वंतरी रस्ता या भागात जुनी लॉज आहेत. (हो, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचंच नाव त्या रस्त्याला आहे.) खोल्या लहान आणि रस्ता गजबजलेला, पण खाली उतरलं की इडली, फुलं, केळी सगळं हाताशी. दुसरा पर्याय स्टेशनजवळचा, झाशी लक्ष्मीबाई रस्त्याच्या बाजूचा. पहाटेची गाडी असेल तर सोयीचा. तिसरा, रिंग रोडकडची नवी हॉटेलं: मोठ्या खोल्या, शांतता, गाडी लावायला जागा. स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांनीच तिकडे बघावं, असं माझं मत.

बहुतेकांची फसगत अंतरात होते, माझीही झाली. हॉटेलच्या नावात ‘पॅलेस’ होतं आणि बुकिंगच्या पानावर लिहिलं होतं, ‘राजवाड्यापासून अडीच किलोमीटर’. हे अंतर पुष्कळदा नकाशावर सरळ रेघ मारून काढलेलं असतं, रस्त्याने मोजलेलं नसतं. आम्हाला रिक्षाने जवळजवळ दुप्पट पडलं. म्हणून नकाशाच्या ॲपमध्ये हॉटेलचा पत्ता टाकून ‘चालत’ हा पर्याय निवडा आणि किलोमीटर सोडून मिनिटं बघा. आणखी एक बारकावा: पर्यटकांना राजवाड्यात सोडतात ते दक्षिणेच्या वराह दरवाजाने. ‘राजवाड्यासमोर’ असं सांगणारं हॉटेल उत्तरेला असलं, तर भल्यामोठ्या आवाराला वळसा घालून जावं लागतं. तेव्हा अंतर त्या दरवाजापर्यंत मोजा.

मग दराकडे वळू. पानावर ठळक दिसतो तो आकडा बहुधा कर सोडून असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीला १८ टक्के. त्यात जादा गादीचे पैसे, मुलाच्या वयाची अट आणि नाश्ता धरला आहे की नाही, हे मिळवा. शेवटी रिक्षा. समजा, लांबचं हॉटेल रोज ४०० रुपयांनी स्वस्त आहे. दुपारी परत यायचं, म्हणजे दिवसाला चार फेऱ्या. फेरीला १२० धरले तरी ४८० झाले. स्वस्तातलं हॉटेल ८० रुपयांनी महाग पडलं, वर घासाघीस करण्यात डोकं तापलं ते वेगळंच.

एसीवर मात्र पैसे वाचू शकतात. रात्री पारा एकवीस-बावीसवर उतरतो. खिडकी असलेली, मधल्या मजल्यावरची खोली असेल तर पंख्यावर भागतं. सगळ्यात वरच्या मजल्याचं तसं नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत असतो.

तारखा थोड्या इकडेतिकडे करता येत असतील तर बघा. शुक्रवार-शनिवारी बंगळूरची मंडळी म्हैसूरला येतात, तेव्हा दर चढतात. रविवारी दुपारी ती परतू लागतात. आणि राजवाड्याची रोषणाई, जवळजवळ लाखभर दिवे, दर रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास पाऊण तास असते. म्हणून रविवारी दुपारी पोहोचावं, हा माझा आवडता हिशेब. प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असतं, ते सोमवारी उरकावं. कर्नाटकातल्या शाळा मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला उघडतात आणि आपल्याकडे जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. त्या मधल्या दिवसांत खोल्या मिळायला सोपं जातं.

यानंतर चेक-इन, म्हणजे खोली ताब्यात मिळण्याची वेळ. इथे दोन पद्धती आहेत. काही ठिकाणी दिवस दुपारी बारा ते बारा मोजतात. सकाळी सातला पोहोचलात तर पाच तास बाकड्यावर, नाहीतर अर्ध्या दिवसाचे जादा पैसे. दुसरीकडे ‘चोवीस तास’, म्हणजे आपण आत शिरलो तिथून दिवस सुरू. रेल्वेने जाणाऱ्यांना ही दुसरी पद्धत फार सोयीची, आणि दक्षिणेतल्या जुन्या लॉजमध्ये ती अजून आढळते. एकाच रात्रीचा प्रश्न असेल तर स्टेशनवरची विश्रांतीकक्षाची खोलीही विचारात घ्या. ती तिकिटाच्या पीएनआर क्रमांकावर ऑनलाइन मिळते, पण तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असावं लागतं.

दोन-तीन हॉटेलं हेरली की अभिप्राय वाचा. सरासरी तारे सोडा. ‘नवीन आधी’ असा क्रम लावून मागच्या एप्रिल-मेचे तेवढे बघा. हिवाळ्यात राहून गेलेल्याला गरम खोलीचा पत्ताच नसतो. पाहुण्यांनी टाकलेले फोटो हॉटेलच्या फोटोंपेक्षा खरे. बाथरूमचा कोपरा आणि खिडकीबाहेर काय दिसतं, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

मग फोन करा. हे पाऊल लोक टाळतात, आणि तिथेच चुकतात. माझा मागचा फोन असा झाला:

“दुसऱ्या मजल्यावरची खोली मिळेल का?”
“मिळेल सर.”
“गरम पाणी दिवसभर?”
थोडं थांबून, “सहा ते नऊ, सर.”

हे पानावर कुठेही नव्हतं. लिफ्ट आहे का, वीज गेल्यावर जनरेटरवर पंखा चालतो का, खिडकी रस्त्यावर उघडते की भिंतीवर, तेही विचारा. खोली थेट घेतल्यास दर काय, हे विचारायला लाजू नका. मधल्या ॲपचं कमिशन वाचत असल्याने मालक कधीकधी थोडं कमी करतो. मात्र फोन नंबर दोन ठिकाणी पडताळून घ्या. हॉटेलच्या नावाने खोटे नंबर टाकून यूपीआयवर पूर्ण आगाऊ रक्कम मागणारे भेटतात. ‘आत्ता भरा, नाहीतर खोली जाईल’ अशी घाई सुरू झाली की फोन ठेवावा.

बुकिंग करताना शक्यतो रद्द केल्यास पैसे परत मिळतील असाच दर घ्या, थोडा जास्त असला तरी. उन्हाळ्यात आजारपणं आणि गाड्यांच्या प्रतीक्षायाद्या यांचा भरवसा नसतो. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र बरोबर ठेवा. आणि रिक्षावाल्याला ‘लॉज’ म्हणा. आपल्यासारखंच तिकडेही हॉटेल म्हटलं की पुष्कळांना आधी खायची जागा आठवते.

पोहोचल्यावर सामान खालीच ठेवून एकट्याने वर जाऊन खोली बघा. पंखा पूर्ण वेगाने लावा, नळ सोडा, खिडकी उघडून बंद करा. मग पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवा. भिंत पोळत असेल तर खाली जाऊन दुसरी खोली मागा. एकदा बॅगा उघडून टॉवेल वाळत पडले, की कोणी खोली बदलत नाही.