सैनिकाचे स्वातंत्र्य आणि मनोरुग्णालयाचे दार

गुन्हा घडल्यावाचून माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेण्याचे प्रसंग लोकशाही राज्यात फार थोडे असतात. मानसिक आजारामुळे एखाद्याच्या हातून स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका संभवत असेल, तर त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला रुग्णालयात ठेवणे, हा त्यांपैकी एक होय. या अधिकारामागे दयाबुद्धी आहे, तशी सावधगिरीही आहे. युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या बाबतीत मात्र त्याचा वापर विशेष नाजूक ठरतो. त्याला शस्त्र चालवता येते, त्याने मृत्यू जवळून पाहिलेला असतो. म्हणून इतरांच्या ठिकाणी जो केवळ संताप समजला जातो, तो त्याच्या ठिकाणी रोगाचे लक्षण वाटू लागतो.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात २०१२ साली घडलेले प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ब्रँडन रॉब हा मरीन दलातील माजी सैनिक इराक व अफगाणिस्तान येथे सेवा करून परतला होता. सरकारवर कठोर टीका करणारा आणि क्रांतीची भाषा बोलणारा मजकूर तो फेसबुकवर लिहीत असे. त्यांतील काही वाक्ये हिंसक भासण्याजोगी होती. त्याच्याबरोबर सेवा केलेल्या एका सहकाऱ्यालाच काळजी वाटली आणि त्याने एफ.बी.आय. या केंद्रीय तपाससंस्थेला कळवले. १६ ऑगस्ट रोजी अधिकारी रॉबच्या घरी आले. स्थानिक मानसोपचार अधिकाऱ्याने आधी दूरध्वनीवरून सल्ला दिला, नंतर प्रत्यक्ष तपासणी केली. आणि रॉबला रुग्णालयात नेण्यात आले. पुढे सुनावणी होऊन त्याला ३० दिवसांपर्यंत ठेवण्याचा आदेश निघाला व सेलम येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्याची रवानगी झाली. त्याच्यावर कोणत्याही गुन्ह्याचा आरोप ठेवलेला नव्हता.

२३ ऑगस्ट रोजी सर्किट न्यायालयाने त्याची सुटका केली. अर्जात त्याला अडकवून ठेवण्यास आधारभूत अशी वस्तुस्थितीच नमूद नाही, असे न्यायाधीशांचे म्हणणे पडले. रॉबने त्या मानसोपचार अधिकाऱ्याविरुद्ध दावा लावला; परंतु सरकारी अधिकाऱ्यांना कायद्याने मिळणाऱ्या संरक्षणाच्या आधारे तो फेटाळला गेला, आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. सुटका झाली; गेलेल्या आठवड्याची भरपाई झाली नाही.

एवढ्यावरून असा कायदाच नको, असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्याच राज्यात पुढच्याच वर्षी दुसरी बाजूही दिसून आली. नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्याच्या सिनेटचे सदस्य क्री डीड्स यांच्या आजारी मुलाला तपासणीसाठी ताब्यात घेण्यात आले होते. कोठेही खाट मिळेना. तेवढ्यात ताब्याची कायदेशीर मुदत संपली आणि त्याला घरी सोडावे लागले. दुसऱ्या दिवशी त्याने वडिलांवर चाकूने वार केले व स्वतःचा जीव घेतला. २०१४ मध्ये ही मुदत वाढवून आठ तासांची करण्यात आली. एका घरी कायदा घाईने पोचला होता, दुसऱ्या घरी तो अपुरा पडला.

मग मर्यादा कोठे आखावी? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या दोन खुणा घालून दिल्या आहेत. केनेथ डोनाल्डसन नावाच्या गृहस्थांना फ्लोरिडातील रुग्णालयात जवळजवळ १५ वर्षे ठेवण्यात आले होते. त्यांच्या खटल्यात १९७५ साली न्यायालयाने सांगितले, की जो धोकादायक नाही आणि स्वतःच्या बळावर किंवा आप्तमित्रांच्या साहाय्याने सुरक्षितपणे जगू शकतो, त्याला केवळ आजाराच्या कारणावरून कोंडून ठेवता येणार नाही. १९७९ साली न्यायालयाने असे ठरवले, की दीर्घ स्थानबद्धतेसाठी पुरावा स्पष्ट आणि खात्रीलायक असला पाहिजे.

सक्तीच्या दाखल्याचे परिणाम रुग्णालयाच्या दारापाशी संपत नाहीत. १९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार, ज्याला अधिकृत आदेशाने मनोरुग्णालयात दाखल केले गेले, त्याला बंदूक बाळगता येत नाही. पोलीस किंवा सशस्त्र पहारेकरी होऊ पाहणाऱ्या माजी सैनिकाच्या दृष्टीने हा पोटापाण्याचाही प्रश्न आहे. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्याला हा निर्बंध लागू होत नाही. परंतु भीती असे बारकावे पाहत नाही. मन मोकळे केले तर हक्क जातील, असे ज्याला वाटते, तो डॉक्टरची पायरी चढत नाही. अन्यायाने एकाला कोंडले, की उपचारांची खरी गरज असलेले त्याचे सोबती गप्प बसतात.

भारतातील २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात या धोक्याची जाणीव दिसते. राजकीय मूल्यांशी न जुळणे हे मानसिक आजार ठरवण्याचे कारण होऊ शकत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. रुग्णाच्या संमतीवाचून दाखल करण्यापूर्वी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासणी करावी लागते, पहिली मुदत ३० दिवसांहून अधिक असत नाही, आणि पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते.

सैनिकाच्या वाणीतील कडवटपणा आणि त्याच्या मनातील व्याधी यांतील भेद एका दृष्टिक्षेपात कळणारा नव्हे. त्यासाठी तपासणारा डॉक्टर हवा, कारण लेखी मागणारा न्यायाधीश हवा, आणि दोघांनाही तातडी हवी. ज्याने देशासाठी प्राण पणाला लावले, त्याला देशाकडून निदान एवढी अपेक्षा करता आली पाहिजे, की त्याला कोंडण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेतले जाईल.