आठवण कोठे राहते?

(मिरगीच्या रुग्णांचा अभ्यास करताना स्मरणशक्तीचे रहस्य कसे उलगडले, याची माहिती या पाठात दिली आहे.)

सकाळची प्रार्थना चालू असते. रांगेत उभा असलेला एक मुलगा अचानक खाली कोसळतो. त्याचे हातपाय ताठ होतात, मग झटके येऊ लागतात. तोंडाला फेस येतो. मुले घाबरून बाजूला होतात. कोणी चप्पल हुंगवायला धावते, कोणी कांदा आणते. 'याला बाहेरची बाधा झाली आहे,' असेही कोणी म्हणते. दोन-तीन मिनिटांत झटके थांबतात. थोड्या वेळाने मुलगा उठून बसतो. पण मधल्या वेळात काय झाले, हे त्याला मुळीच आठवत नाही.

या आजाराला उर्दूत आपण मिरगी म्हणतो. मराठीत त्याला फेफरे किंवा अपस्मार म्हणतात. 'अपस्मार' या शब्दातच 'स्मर' म्हणजे आठवणे हा शब्द आहे. अपस्मार म्हणजे स्मरण नाहीसे होणे. मिरगी ही बाधा नाही, तो मेंदूचा आजार आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इब्न सीना या थोर हकिमांनी आपल्या 'अल कानून' या ग्रंथात मिरगीची गणना मेंदूच्या आजारांतच केली होती.

आपल्या मेंदूत अब्जावधी पेशी आहेत. त्या अतिशय सूक्ष्म अशा विजेच्या लहरींनी एकमेकींना संदेश देतात. कधी कधी अनेक पेशी एकाच वेळी भलतेच संदेश पाठवू लागतात. मेंदूत जणू विजेचे वादळ उठते. त्यालाच आपण फिट येणे म्हणतो.

या आजाराचा आणि आठवणींचा संबंध शोधणाऱ्या शास्त्रज्ञांत ब्रेंडा मिल्नर यांचे नाव मोठे आहे. त्यांचा जन्म १९१८ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे झाला. केंब्रिज विद्यापीठात त्या प्रथम गणित शिकण्यासाठी गेल्या. पण पुढे मानसशास्त्राकडे वळल्या. १९४४ साली त्या कॅनडात गेल्या. तेथे माँट्रिअल शहरात डॉ. वाइल्डर पेनफील्ड हे मिरगीच्या रुग्णांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करत असत. ज्या भागातून वादळ उठते, तो भाग ते काढून टाकत. शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर रुग्णाची बुद्धी व स्मरणशक्ती तपासण्याचे काम मिल्नर करत. मेंदू आणि मन यांचा संबंध शोधणाऱ्या या शास्त्राला न्यूरोसायकॉलॉजी म्हणतात.

त्याच काळात अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात हेन्री मोलेसन नावाचा एक तरुण होता. त्याला वयाच्या दहाव्या वर्षापासून फिट येत होत्या. पुढे त्या इतक्या वाढल्या, की त्याला नोकरी करणेही अशक्य झाले. औषधांचा उपयोग होईना. अखेर १९५३ साली डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. त्या वेळी हेन्री २७ वर्षांचा होता. दोन्ही कानशिलांच्या आत, मेंदूच्या खोल भागात हिप्पोकॅम्पस नावाचा अवयव असतो. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा असतो. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग आणि त्याच्या आसपासचा भाग काढून टाकला.

हेन्रीच्या फिट पुष्कळ कमी झाल्या. पण वेगळेच संकट उभे राहिले. त्याच्या मनात नवी आठवण टिकेना. तो आईवडिलांना ओळखत असे. बालपणीच्या गोष्टी सांगत असे. त्याची बुद्धीही शाबूत होती. मात्र तेच मासिक तो पुन्हा पुन्हा वाची आणि प्रत्येक वेळी ते त्याला नवेच वाटे. १९५५ साली मिल्नर त्याला भेटल्या, तेव्हा आपण अजून १९५३ सालातच आहोत, असे त्याने सांगितले. मिल्नर त्याला वर्षानुवर्षे भेटत राहिल्या. पण प्रत्येक भेटीत त्याला त्यांची नव्याने ओळख करून द्यावी लागे.

एकदा मिल्नर यांनी त्याला ५८४ ही संख्या लक्षात ठेवायला सांगितली. हेन्री मनातल्या मनात तीच संख्या घोळवत बसला. पंधरा मिनिटांनी त्याने ती बरोबर सांगितली. मग दुसरे बोलणे निघाले आणि क्षणभरात तो ती संख्या विसरला. एवढेच नव्हे, तर आपल्याला कोणती संख्या दिली होती, हेही त्याला आठवेना.

नंतर मिल्नर यांनी एक निराळा प्रयोग केला. कागदावर दुहेरी रेषांची एक चांदणी काढली होती. हेन्रीने आरशात पाहून त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची होती. तुम्हीही हे करून पाहा. आरशात सर्व उलटे दिसते, त्यामुळे हात भलतीकडेच जातो. हेन्रीच्याही पहिल्या दिवशी पुष्कळ चुका झाल्या. तिसऱ्या दिवशी मात्र त्याचा हात सफाईने चालू लागला. नवल असे, की हे काम आपण पूर्वी केले आहे, याची त्याला आठवणच नव्हती! तो विसरला होता; पण त्याचा हात शिकला होता.

यावरून मोठी गोष्ट कळली. स्मरणशक्ती एक नाही, तिचे अनेक प्रकार आहेत. काल काय घडले याची आठवण एका प्रकारची, तर सायकल चालवण्याचे कौशल्य दुसऱ्या प्रकारचे. घडलेल्या गोष्टींची नवी आठवण पक्की होण्यासाठी हिप्पोकॅम्पसची गरज असते. १९५७ साली स्कोव्हिल व मिल्नर यांनी हेन्रीविषयीचा लेख प्रसिद्ध केला. दोन्ही बाजूंचा हा भाग काढू नये, असा इशारा डॉक्टरांना मिळाला. पुढे शस्त्रक्रियेपूर्वी औषधाने मेंदूची एक बाजू काही मिनिटे झोपवून दुसऱ्या बाजूची स्मरणशक्ती तपासण्याची पद्धत मिल्नर यांनी वापरात आणली. त्यामुळे कितीतरी रुग्णांच्या आठवणी वाचल्या. हेन्री २००८ साली वारला. त्याने पन्नासहून अधिक वर्षे शास्त्रज्ञांना साथ दिली. परंतु आपण जगाला काय दिले, हे त्याच्या लक्षात राहू शकले नाही.

आता आपल्या वर्गाकडे वळू. मिरगी असलेल्या सर्वांनाच झटके येतात असे नाही. काही मुले बोलता बोलता काही सेकंद थांबतात, एकटक पाहतात आणि पुन्हा कामाला लागतात. तेवढ्या वेळात शिक्षकांनी सांगितलेले त्यांच्या मनापर्यंत पोचतच नाही. काहींना औषधामुळे सुस्ती येते. काहींची फिट मेंदूच्या आठवणी साठवणाऱ्या भागातूनच उठते. अशा मुलाला काल पाठ केलेला धडा आज आठवत नाही. मग आम्ही शिक्षक विचारतो, 'लक्ष कोठे आहे तुझे?' मुले त्याला हसतात. खरे पाहता तो आळशी नसतो आणि मठ्ठही नसतो. त्याला धडा पुन्हा एकदा समजावून सांगणारा, आपली वही देणारा मित्र हवा असतो.

कोणाला फिट आली, तर घाबरू नका. आसपासच्या टणक वस्तू दूर करा. डोक्याखाली मऊ कापड ठेवा. गळ्याचे बटण सैल करा आणि त्याला कुशीवर वळवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका. चप्पल किंवा कांदा हुंगवू नका. घड्याळ पाहा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, तर लगेच दवाखान्यात न्या.

जगात सुमारे पाच कोटी लोकांना मिरगी आहे. योग्य निदान आणि औषधे मिळाली, तर त्यांपैकी दहांतील सात जणांच्या फिट थांबू शकतात. म्हणून ताविजावर विसंबून औषध टाळू नये आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते बंदही करू नये. दुआ जरूर करावी; पण दुआबरोबर दवाही हवीच. फिटमधून जागा झालेला आपला मित्र डोळे उघडतो, तेव्हा काय घडले हे त्याला ठाऊक नसते. त्या वेळी त्याला हसणारे चेहरे दिसावेत की धीर देणारे, हे मात्र आपल्या हाती आहे.

शब्दार्थ
स्मरणशक्ती – याददाश्त, हाफिजा
पेशी – खलिया
शस्त्रक्रिया – ऑपरेशन
शाबूत – सलामत
कौशल्य – हुनर
कुशीवर – करवटीवर

स्वाध्याय
१. अपस्मार या शब्दाचा अर्थ सांगा.
२. शस्त्रक्रियेनंतर हेन्रीला कोणता त्रास होऊ लागला?
३. चांदणीच्या प्रयोगावरून काय सिद्ध झाले?
४. वर्गातील मुलाला फिट आल्यास तुम्ही काय कराल? पाच-सहा वाक्यांत लिहा.