विश्लेषण : कंपनीचे अंतर्गत पोर्टल ओस का पडते? ते उभारताना कोणती काळजी घ्यावी?

रजेचा अर्ज, खरेदीची मंजुरी, ड्रॉइंगची ताजी प्रत, सुरक्षा नियमावली हे सारे एका ठिकाणी मिळावे म्हणून कंपन्या अंतर्गत पोर्टल उभारतात. उद्घाटनाला केक कापला जातो आणि महिनाभरात कामकाज पुन्हा व्हॉट्सॲप ग्रुपवर येते. त्यातच मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट सर्व्हर २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांच्या पाठिंब्याची मुदत १४ जुलै २०२६ ही ठरलेली असल्याने, ही आवृत्ती वापरणाऱ्या कंपन्यांना पोर्टलचा विचार नव्याने करणे भाग आहे.

व्हॉट्सॲप असताना पोर्टल कशाला?

चाकण किंवा वाळूजमधील एखादा सुटे भाग बनवणारा कारखाना समोर ठेवू. ग्राहकाने ड्रॉइंगमध्ये बदल केला. डिझाइन विभागाने नवी प्रत ग्रुपवर टाकली. दुसऱ्या शिफ्टच्या सुपरवायझरने फोनमध्ये आधी उतरवून घेतलेली जुनी प्रत उघडली आणि मशीन त्यावरच लावले. सकाळी क्वालिटी विभाग अख्खी बॅच बाजूला काढतो. यात कोणीही कामचुकारपणा केलेला नाही. 'चालू प्रत कोणती' हे सांगणारी जागाच नव्हती.

पोर्टलचे काम ही जागा देणे आहे. एका कागदपत्राचा एकच पत्ता, त्याच पत्त्यावर नेहमी ताजी आवृत्ती, जुन्या आवृत्त्या मागे सुरक्षित आणि कोणी काय बदलले याची नोंद. व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली की तिची प्रत तयार होते आणि कर्मचारी नोकरी सोडून गेला तरी ती त्याच्या फोनमध्ये राहते. त्यामुळे ग्रुप बंद करण्याचे फर्मान काढून उपयोग नाही. ग्रुप चालू द्यावा, पण त्यावर फाइलऐवजी पोर्टलची लिंक टाकण्याची सवय लावावी. हा एकच नियम नीट पाळला गेला, तर पोर्टलचे अर्धे काम झाले म्हणायचे.

१४ जुलै २०२६ ही तारीख का महत्त्वाची?

पाठिंबा संपल्यानंतर सर्व्हर बंद पडत नाही, तो चालूच राहतो. धोका नेमका तिथेच आहे. त्या दिवसानंतर सापडलेल्या सुरक्षा त्रुटींवर नेहमीची दुरुस्ती मिळत नाही.

हे भय काल्पनिक नाही. जुलै २०२५ मध्ये कंपन्यांनी स्वतःच्या जागेत चालवलेल्या शेअरपॉइंट सर्व्हरवर जगभर हल्ले झाले. 'टूलशेल' या नावाने ते ओळखले जातात. हल्लेखोरांना लॉगिनचीही गरज नव्हती. शिवाय ते सर्व्हरच्या मशीन की, म्हणजे सर्व्हर आपली ओळख पटवण्यासाठी वापरतो त्या गुप्त किल्ल्या, घेऊन जात होते. त्यामुळे नुसती दुरुस्ती बसवून भागत नव्हते. किल्ल्या बदलून वेब सर्व्हर पुन्हा सुरू करणेही आवश्यक होते. घराचे कुलूप दुरुस्त केले, पण चोराकडे जुनी चावी तशीच राहिली, अशी ती गत होती. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरील शेअरपॉइंट ऑनलाइनला या त्रुटीचा फटका बसला नाही.

म्हणून स्वतःच्या सर्व्हरवर पोर्टल चालवायचे असेल, तर ते थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नये. व्हीपीएन किंवा ओळख तपासणाऱ्या गेटवेच्या मागे ठेवावे आणि आणीबाणीची दुरुस्ती रविवारीही बसवू शकेल असा माणूस नेमून ठेवावा. असा माणूस नसेल, तर क्लाउडचा मार्ग बरा.

क्लाउडवरही जुन्या गोष्टी बंद होत आहेत. शेअरपॉइंट ऑनलाइनमधील २०१३ पद्धतीच्या वर्कफ्लोसाठी २ एप्रिल २०२६, तर इन्फोपाथ फॉर्मसाठी १४ जुलै २०२६ ही अखेरची तारीख मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेली आहे. प्रवास भत्त्याचा किंवा खरेदीचा अर्ज याच जुन्या साधनांत बनवलेला असण्याची शक्यता मोठी. स्थलांतराच्या यादीत पहिल्यांदा हे अर्ज मोजावेत, फायली नंतर.

तयार सेवा घेतली की चिंता मिटते का?

नाही. मेटाच्या 'वर्कप्लेस'चे उदाहरण बोलके आहे. फेसबुकसारखी दिसणारी ही कार्यालयीन सेवा ऑक्टोबर २०१६ मध्ये या नावाने बाजारात आली. मे २०२४ मध्ये ती गुंडाळत असल्याचे मेटाने जाहीर केले. ३१ ऑगस्ट २०२५ पर्यंत नेहमीसारखा वापर आणि त्यानंतर ३१ मे २०२६ पर्यंत फक्त वाचन व माहिती उतरवून घेण्याची सोय, असे वेळापत्रक देण्यात आले. ग्राहकांना पुरेसा वेळ मिळाला हे खरे, तरी कित्येक वर्षांच्या चर्चा, निर्णय आणि फोटो दुसरीकडे नेण्याचे काम त्यांच्याच माथी आले.

करार करतानाच बाहेर पडण्याचा रस्ता पाहून ठेवावा. माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल? फाइलसोबत तिची तारीख, लेखक आणि जुन्या आवृत्त्याही येतील का? विक्रेत्याच्या सादरीकरणात हे प्रश्न विचारले की खोलीत थोडी शांतता पसरते, पण विचारायचेच. नेक्स्टक्लाउडसारखे मुक्त स्रोत पर्याय स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतात आणि माहिती आपल्याच ताब्यात राहते. मात्र देखभालीचा भारही आपल्याच डोक्यावर येतो.

परवानग्यांचा घोळ कसा होतो?

पोर्टलमधील सर्वांत मोठे नुकसान बाहेरच्या हॅकरपेक्षा आतल्या सैल परवानग्यांमुळे होऊ शकते. एचआरमधील कोणी घाईत पगारपत्रकाचे फोल्डर 'एव्हरीवन एक्सेप्ट एक्स्टर्नल युजर्स' या गटाला उघडे करतो. नाव ऐकून सुरक्षित वाटते, कारण बाहेरचे लोक वगळलेले आहेत. प्रत्यक्षात कंपनीतील झाडून सगळ्यांना ते फोल्डर दिसू लागते. फोल्डर कुठे आहे हेच कोणाला ठाऊक नसल्याने पूर्वी ही चूक वर्षानुवर्षे झाकलेली राहायची.

आता तसे राहिलेले नाही. कोपायलटसारखे एआय सहायक कर्मचाऱ्याला जे पाहण्याची परवानगी आहे ते सारे धुंडाळून उत्तर देतात. 'आमच्या विभागाचे पगार किती?' असे सहज विचारले आणि फोल्डर उघडे असेल, तर उत्तर समोर येऊ शकते. एआयने कोणतेही कुलूप तोडलेले नसते, ते उघडेच होते. म्हणून एआय सुविधा सुरू करण्याआधी परवानग्यांची झाडाझडती घ्यावी.

परवानगी माणसाला न देता गटाला द्यावी, हा जुना नियम आजही सर्वांत उपयोगी आहे. 'खरेदी विभाग – वाचन' आणि 'खरेदी विभाग – बदल' असे गट करावेत. बदली झाली की माणूस एका गटातून काढून दुसऱ्यात टाकला, काम संपले. लॉगिनही पोर्टलचे वेगळे नको. कंपनीच्या मुख्य खात्याला ते एसएएमएल किंवा ओपनआयडी कनेक्टने जोडावे. राजीनाम्याच्या शेवटच्या दिवशी एक खाते बंद केले की सगळे दरवाजे बंद होतात.

बांधणी करताना आणखी एक मर्यादा आधीच विचारात घ्यावी. शेअरपॉइंटच्या यादीत ५,००० नोंदींचा उंबरठा आहे. यादी त्याहून मोठी होऊ शकते, पण ज्या रकान्यांवर गाळणी लावायची त्यांचा इंडेक्स केलेला नसेल, तर ती दाखवताना अडते. चाचणीत ५० नोंदी टाकून सारे छान दिसते आणि दोन वर्षांनी गेट पासची यादी उघडेनाशी होते. चाचणीतच दहा-वीस हजार बनावट नोंदी भरून पाहाव्यात.

मराठीत शोधले तर सापडत का नाही?

कार्यालयीन मजकूर मराठीत असणाऱ्या सहकारी बँका, साखर कारखाने, शिक्षण संस्था यांच्यासाठी हा प्रश्न सर्वांत कळीचा आहे आणि बाहेरून आलेल्या विक्रेत्याला तो बहुधा माहीतच नसतो.

पहिली अडचण जुन्या फॉन्टची. श्री-लिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेली परिपत्रके पडद्यावर मराठी दिसतात, पण फाइलच्या आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असतात. शोधयंत्राला त्यात मराठी शब्द दिसत नाही. अशा फायली पोर्टलवर टाकण्याआधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. तो बदल कधीच शंभर टक्के अचूक नसतो. आकडे, तारखा आणि जोडाक्षरे माणसाने तपासावीच लागतात.

दुसरी अडचण युनिकोडमध्येही आहे. 'ॲप' आणि 'अॅप' हे दोन शब्द डोळ्यांना सारखे दिसतात. पहिल्यात 'ॲ' हे एकच स्वतंत्र अक्षर आहे, ते युनिकोडमध्ये २००८ साली आले. दुसऱ्यात 'अ' आणि वर चंद्र अशी दोन चिन्हे आहेत. संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द. 'कर्मचाऱ्यांची' या शब्दातील 'ऱ्या' देखील दोन पद्धतींनी टंकता येतो. एकाने एका कीबोर्डवर लिहिलेले परिपत्रक दुसऱ्याला दुसऱ्या कीबोर्डवरून शोधून सापडत नाही ते यामुळे. उपाय अवघड नाही. मजकुराचा इंडेक्स करताना आणि शोधशब्द घेताना, दोन्ही वेळी अशा जोड्या एकाच रूपात आणणारा नियम लिहावा. फक्त एकाच बाजूला लिहिला, तर गोंधळ वाढतो.

तिसरी अडचण आपल्या व्याकरणाची. 'रजा' शोधले तर 'रजेचा', 'रजेसाठी', 'रजांचे' सापडतीलच असे नाही, कारण प्रत्यय लागताना मूळ शब्दच बदलतो. इलॅस्टिकसर्च या लोकप्रिय शोधयंत्रात हिंदी आणि बंगालीसाठी तयार विश्लेषक आहेत, मराठीसाठी नाही. हिंदीचा चालवून घेऊ, हा सल्ला ऐकू नये. व्यवहार्य मार्ग म्हणजे समानार्थी शब्दांची यादी. रजा, रजेचा, सुट्टी, लीव्ह आणि रोमन लिपीतील त्यांची रूपे एका ओळीत बांधावीत. कर्मचारी प्रत्यक्षात काय टंकतात हे शोधाच्या नोंदवहीत दिसते. पहिले काही महिने ती दर आठवड्याला वाचून, शून्य निकाल आलेले शब्द यादीत भरत जावे. शंभर-दीडशे ओळींची ही यादी महागड्या सुविधांपेक्षा जास्त कामाला येते.

स्कॅन केलेल्या पीडीएफसाठी ओसीआर लागते. मोफत टेसरॅक्टमध्ये मराठीची सोय आहे. शिक्का आणि सही मजकुरावर आली असेल तिथे मात्र फार अपेक्षा ठेवू नये.

शॉप फ्लोअरवरचा कर्मचारी पोर्टल वापरेल का?

त्याच्याकडे कंपनीचा ईमेल नसतो, टेबल नसते, हातात ग्रीस असते. त्याला पगाराची स्लिप, शिल्लक रजा आणि शिफ्टचा तक्ता एवढेच हवे असते. मुखपृष्ठावर व्यवस्थापकीय संचालकांचा संदेश आणि फिरत्या फोटोंची पट्टी ठेवून या तीन गोष्टी चौथ्या क्लिकवर ढकलल्या, तर तो पुन्हा येणार नाही. पोर्टल साध्या अँड्रॉइड फोनवर, शेडमधल्या कमकुवत नेटवर्कवर उघडून पाहावे. परवान्यांचा खर्च आधी मोजावा. मायक्रोसॉफ्टचे एफ१ आणि एफ३ असे स्वस्त परवाने अशाच कर्मचाऱ्यांसाठी आहेत, मात्र त्यात सुविधा कमी असतात.

पोर्टल सुरू केव्हा आणि कसे करावे?

एकाच दिवशी सर्वांसाठी नको. एक विभाग निवडावा, शक्यतो जिथला प्रमुख स्वतः पोर्टल वापरणारा आहे असा. चार ते सहा आठवडे चालवून दुरुस्त्या कराव्यात. लेखा विभागाला ओढताना महिनाअखेर, तसेच जीएसटी विवरणपत्रांच्या ११ आणि २० तारखेच्या आसपासचे दिवस टाळावेत. मार्च तर नकोच.

जुना सर्व्हर जसाच्या तसा उचलून आणण्याचा मोह आवरावा. 'फायनल', 'फायनल २', 'खरी फायनल' अशा फायली नव्या घरात नेल्या, तर शोधात त्याच वर येतील. प्रत्येक फोल्डरला एक मालक द्यावा. ज्याला मालक मिळत नाही ते फक्त वाचनासाठी जुन्या जागी राहू द्यावे. नव्या पोर्टलवर अर्ज सुरू झाला की त्याच दिवशी कागदी अर्ज स्वीकारणे थांबवावे. दोन्ही चालू ठेवले, तर लोक कागदच निवडतात. बॅकअप परत आणता येतो का, हे सुरू होण्याआधी एकदा प्रत्यक्ष करून पाहावे. २१ जून २०१२ च्या आगीत मंत्रालयातील फायली खाक झाल्या, तेव्हा एकाच जागी असलेल्या एकाच प्रतीचे मोल राज्याने पाहिले आहे. डिजिटल प्रतीलाही तोच न्याय लागू होतो.

कायद्याची बंधने कोणती?

सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. सर्व्हरची घड्याळेही प्रमाणवेळेशी जुळलेली हवीत, अन्यथा कोणी केव्हा काय केले याची साखळी जुळत नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, त्यातील मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. त्यात नोंदी एक वर्ष ठेवण्याची तरतूद आहे. नोकरीच्या कामासाठी कर्मचाऱ्यांची माहिती वापरताना दर वेळी संमती घ्यावी लागत नाही, पण ती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी सुटत नाही. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. वर सांगितलेले उघडे पगारपत्रक या चौकटीत बसते. त्यामुळे नोंदी किती दिवस ठेवल्या जातील आणि ६ तासांत कोण कळवणार, ही दोन उत्तरे विक्रेत्याशी होणाऱ्या करारात लेखी असावीत.