रेडिऑन आर९ २९०एक्स: कूलर बदला, वेग टिकवा

ऑक्टोबर २०१३ मध्ये एएमडीचं रेडिऑन आर९ २९०एक्स हे ग्राफिक्स कार्ड आलं. चिप जबरदस्त, पण सोबतचा एकपंखी ब्लोअर कूलर फारच तोकडा! जड गेम सुरू केला की तापमान ९५ अंशांपर्यंत जायचं. ही मर्यादा एएमडीनेच ठरवलेली होती. ती गाठली की कार्ड आपला वेग १००० मेगाहर्ट्‌झवरून खाली आणायचं.

म्हणून अनेक हौशी मंडळींनी आर्क्टिक कंपनीचा अ‍ॅक्सेलेरो एक्स्ट्रीम ३ हा कूलर बसवला. ९२ मिलिमीटरचे तीन पंखे, पाच हीटपाइप. आवाज कमी, वेग स्थिर.

पण चिपइतकीच काळजी व्हीआरएमची घ्या. वीजपुरवठा सांभाळणारे हे छोटे भाग प्रचंड तापतात आणि मूळ कूलर काढला की उघडे पडतात. त्यांच्यावर हीटसिंक चिकटवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने नीट पुसा, पूर्ण वाळू द्या. इथे घाई अजिबात नको. चिपवरची जुनी थर्मल पेस्टही काढा. नवी थोडीच लावा. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.

आणखी एक: ब्लोअर गरम हवा मागून बाहेर फेकायचा, हे तीन पंखे ती कॅबिनेटमध्येच सोडतात. त्यामुळे कॅबिनेटला हवा बाहेर काढणारा चांगला पंखा हवाच.