तेलकट त्वचेचा ब्रश कुठे मिळतो?

पुण्याच्या तुळशीबागेत रामाच्या देवळाभोवतीच्या गल्ल्यांमध्ये टिकल्यांच्या पाकिटांशेजारी मेकअपच्या ब्रशचे संच टांगलेले असतात. बारा ब्रश, गुलाबी दांडे, रेक्झिनचं पाकीट. गिऱ्हाइकाचा प्रश्नही बहुधा ठरलेला : "माझी स्किन ऑइली आहे, यातला कुठला चालेल?" दुकानदार न अडखळता एक ब्रश काढून देतो. खरं तर गाल तेलकट आहे की कोरडा, याच्याशी ब्रशचा थेट संबंध थोडाच. त्याचा संबंध येतो तो प्रसाधनाशी : ते पावडर आहे, क्रीम आहे की पातळ? त्वचेवरून प्रसाधन ठरतं आणि प्रसाधनावरून ब्रश. मधली पायरी गाळली की संचातले निम्मे ब्रश पाकिटातच पडून राहतात.

तेलकट त्वचेला पावडर लागते, हे खरं. मात्र ब्रश गरागरा फिरवला की ती जास्त टिकते, हा समज चुकीचा. फिरवण्यानं खालचं फाउंडेशन सरकतं. कपाळ, नाक आणि हनुवटीवर पावडर पफनं किंवा दाट ब्रशनं दाबून बसवायची आणि जादाची मऊ ब्रशनं झटकायची. कोरड्या त्वचेवर आखूड, राठ केसांचा ब्रश घासला तर सुटू लागलेले पापुद्रे वर येतात आणि फाउंडेशन नेमकं तिथेच धरतं. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत हे फार होतं. तेव्हा आधी मॉइश्चरायझर लावावं आणि क्रीमचा बेस ओलसर स्पंजनं थोपटावा. मिश्र त्वचेसाठी वेगळा ब्रश शोधत फिरू नये. तिथे एकाच चेहऱ्यावर या दोन्ही रीती वापरायच्या असतात.

"खऱ्या केसांचा ब्रश त्वचेला सौम्य, नायलॉनचा टोचतो," हा समज जुन्या नायलॉनच्या काळातला. प्राण्याच्या केसावर सूक्ष्म खवले असतात, त्यांत पावडर छान धरली जाते. हेच केस पातळ फाउंडेशन मात्र पिऊन टाकतात. कृत्रिम तंतू गुळगुळीत असल्यामुळे पातळ प्रसाधन वाया कमी जातं, धुणं सोपं होतं आणि वाळणंही लवकर. आता टोकाला निमुळते केलेले तंतू मिळतात आणि ते पुरेसे मऊ असतात. लवकर लाल होणाऱ्या, पुरळ किंवा इसब असलेल्या त्वचेला बहुतेक वेळा हेच बरे. काहींना प्राण्यांच्या केसांचीच ॲलर्जी असते. अशा नाजूक त्वचेला सगळ्यांत जास्त त्रास घासण्याचा होतो. हात हलका नसेल तर महागडा ब्रशही तिथे कामाचा नाही.

खऱ्या केसांबद्दल आणखी एक गंमत. 'कॅमल हेअर' म्हणून विकल्या जाणाऱ्या ब्रशमध्ये उंटाचा केस नसतो. बहुधा खार, बकरी किंवा घोड्याचे केस असतात. मुंगसाच्या केसांची बाब मात्र गमतीची नाही. चित्रकलेचे बारीक ब्रश त्यापासून बनत आले आणि नाटकाच्या रंगभूषेत सुरकुत्या काढायला चित्रकलेचेच ब्रश सर्रास चालतात. मुंगूस १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि त्याच्या केसांच्या ब्रशचा व्यापार हा गुन्हा आहे. टोकाला गडद, मध्ये फिकट असे पट्टेदार केस दिसले तर तो ब्रश घेऊ नये.

आता खरा मुद्दा, म्हणजे धुणं. "माझी त्वचा चांगली आहे, पुरळ येत नाही, मग कशाला धुवायचा?" असं पुष्कळजणी म्हणतात. ब्रिटनमधल्या ॲस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९मध्ये वापरातली ४६७ प्रसाधनं आणि स्पंज तपासले. दहातल्या आठ-नऊंवर जिवाणू सापडले. सर्वांत वाईट अवस्था स्पंजांची होती : ९३ टक्के कधीच स्वच्छ केलेले नव्हते. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना दर सात ते दहा दिवसांनी ब्रश धुवायला सांगते. त्वचा तेलकट किंवा पुरळाची असेल तर ही शिस्त ब्रशच्या किमतीपेक्षा महत्त्वाची.

वर्षातून एकदा, 'पुरुषोत्तम करंडक'च्या दिवसांत, पुण्यातली महाविद्यालयं भरत नाट्य मंदिरात एकांकिका घेऊन उतरतात. १९६३पासूनची ही स्पर्धा. रंगपटात वेळ कमी आणि चेहरे अनेक, तेव्हा एकच ब्रश सगळ्यांच्या तोंडावरून फिरण्याचा मोह होतो. लग्नसराईत एका सकाळी दोन-तीन नवऱ्या सजवणाऱ्यांचंही तेच. "मध्ये स्पिरिट मारलं की झालं" हा त्यांचा दिलासा अर्धवट आहे. अल्कोहोलनं बरेच जिवाणू मरतात, पण केसांत अडकलेला तेलकट थर निघत नाही. शिवाय डोळे येण्याच्या साथीत अनेकदा सापडणारे ॲडिनोव्हायरस आयसोप्रोपिल अल्कोहोलला सहजी दाद देत नाहीत. जुलै २०२३मध्ये आळंदीत आणि पुणे परिसरात डोळ्यांची केवढी साथ आली होती! आयलायनर आणि मस्काऱ्याचा ब्रश प्रत्येकीला वेगळा, किंवा एकदा वापरून टाकायचा, याला पर्याय नाही.

धुताना सौम्य शाम्पू, कोमट पाणी आणि केसांचं टोक खाली. दांडा आणि केस जोडणाऱ्या धातूच्या नळीत पाणी शिरलं की आतला गोंद सुटतो आणि केस गळू लागतात. म्हणूनच ओला ब्रश पेल्यात उभा ठेवू नये. तो आडवा, टोक टेबलाबाहेर काढून पंख्याखाली वाळवावा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत दाट ब्रशला एक रात्र पुरेलच असं नाही. घरात दोन संच आलटून पालटून वापरायचे असतील, तर ते याच महिन्यांसाठी.